घरातल्या हिंसाचाराबद्दल मदत मागताना: तुमची माहिती कोण लिहितं, कुठे ठेवतं, कुणाला देतं

समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा येणारी बाई कायद्याचं कलम विचारत नाही. ती विचारते, "ह्ये आमच्या घरात कळणार न्हाई नव्हं?" कोल्हापुरात हा प्रश्न अगदी रास्त आहे. शिवाजी पेठेत सकाळी झालेलं भांडण दुपारी मंगळवार पेठेत पोचतं, आणि गावाकडे तर दूध घालायला गेलेली बाई डेअरीवरच सगळं ऐकून येते. माहिती फुटते ती बहुतेक वेळा ओळखीच्या तोंडातून. पोलीस ठाण्यात नात्यातला हवालदार असतो, कोर्टात गावचा कारकून असतो, दवाखान्यात जावेची मैत्रीण असते. म्हणून या लेखात पासवर्डपेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिलंय.

"कुण्णाला कळणार नाही" असं सरसकट आश्वासन कुणी दिलं तर थोडं सावध व्हा. काही माहिती कायद्यानेच पुढे जाते. चांगलं केंद्र ते पहिल्या भेटीतच सांगतं, म्हणजे काय बोलायचं आणि काय आत्ता राखून ठेवायचं हे तुम्हाला ठरवता येतं.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. मारहाणीची हकीगत बाहेर गेली तर लाज वाटते, मनस्ताप होतो. तुम्ही आज रात्री कुठे झोपणार, कोणत्या नंबरवर बोलता, मुलं कोणत्या शाळेत जातात हे बाहेर गेलं तर जिवावर बेततं. बहुतेक जणी उलटं करतात: हकीगत लपवतात आणि पत्ता सहज सांगून टाकतात. हकीगत समुपदेशकाला मोकळेपणाने सांगा. पत्ता देताना मात्र प्रत्येक वेळी "हा कुठे लिहिणार?" असं विचारा.

निघायच्या आधी: मोबाइल

तुमचं सिम नवऱ्याच्या नावावर असेल, फोन त्याने घेऊन दिला असेल, पासवर्ड त्याला माहीत असेल, तर तो फोन तुमचा नाही असं धरून चाला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबून लिंक केलेली डिव्हाइस बघा. अनोळखी लॅपटॉप किंवा ब्राउझर दिसला तर तुमचे मेसेज दुसरीकडे वाचले जातायत. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर दाबलं की लोकेशन शेअरिंग दिसतं. फोटोंचं तर फारच सोपं असतं: तुम्ही लग्नाच्या दाखल्याचा किंवा हातावरच्या वळाचा फोटो काढता, तो गुगल फोटोजवर आपोआप चढतो, आणि तेच खातं घरातल्या टॅबवर उघडं असतं.

पण हे सगळं दिसलं म्हणून लगेच बंद करू नका. पाळत अचानक बंद झाली की पाळत ठेवणाऱ्याला शंका येते, आणि तुम्ही अजून त्याच घरात आहात. निघायची तारीख ठरेपर्यंत तो फोन नेहमीसारखाच वापरायचा आणि मदतीचे फोन दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून करायचे, हे बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं ठरतं. कामाच्या ठिकाणी विश्वासू मैत्रीण असेल तर तिचा फोन. माहेरच्यांचा वापरायचा तर आधी विचार करा, कारण भाऊ रागाच्या भरात मेव्हण्याला फोन लावतो आणि सगळंच बोलून बसतो.

केंद्रावर जाताना रिक्षाचे पैसे फोनवरून देऊ नका. जोडखात्याच्या पासबुकात वेळ आणि नाव दोन्ही उमटतं. केएमटी बसला रोख द्या.

पहिला फोन

महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१०० असे नंबर आहेत. यातला फरक लक्षात ठेवा. ११२ वर फोन केला की पोलिसांची गाडी दारात येते. जीव धोक्यात असेल तेव्हा दुसरा विचार न करता तोच लावा; पण "नुसती माहिती हवी होती" म्हणून लावलात तर गल्लीने गाडी बघितलेली असेल. नुसती माहिती किंवा सल्ला हवा असेल तेव्हा १८१ लावा किंवा थेट समुपदेशन केंद्राला फोन करा. तिथे सुरुवातीला नाव न सांगताही बोलता येतं. तालुका सांगितला तरी पुरे. गावाचं नाव नंतर सांगता येईल.

त्या फोनवरच एक गोष्ट ठरवून घ्या: परत फोन करायचा तर कुणी, कोणत्या नंबरवर, किती वाजता. आणि सासूने उचलला तर समोरच्याने काय म्हणायचं? हे कारण तुम्ही द्या, केंद्राला ठरवू देऊ नका. "बचत गटाची मिटिंग आहे" हे ठीक वाटतं, पण तुम्ही बचत गटात नसाल तर त्या एका वाक्याने घरात चौकशी सुरू होते. शिवणाचं माप, मुलाच्या शाळेतली पालकसभा, जे तुमच्या घरात खरं वाटेल तेच सांगा. केंद्राकडून मेसेज नको असेल तर "मेसेज करू नये" असं केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला लावा. तोंडी सांगितलेलं पुढच्या कार्यकर्तीपर्यंत पोचत नाही.

खोलीत कोण बसलंय ते बघा

कोल्हापूर जिल्ह्यात मदतीची दारं वेगवेगळी आहेत: सखी वन स्टॉप सेंटर, महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी, पोलीस ठाण्याच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, नोंदणीकृत संस्थांची समुपदेशन केंद्रं. विशेष कक्षाचं काम महाराष्ट्रात १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलं. तिथे बसणाऱ्या कार्यकर्त्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात, पोलीस नव्हेत. पण आवार पोलिसांचं असतं, त्यामुळे तुम्हाला आत जाताना कोण बघतं हा प्रश्न उरतोच. कागल, गडहिंग्लजसारख्या ठिकाणी चेहरे ओळखीचे असतात. तिथलं ठाणं नको वाटत असेल तर शहरातल्या केंद्रात आलात तरी चालतं. सल्ल्याला हद्द आड येत नाही.

आत गेल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "माहेर कुठलं तुमचं?" विचारणारीच्या मनात काही नसतं, पण दोन मिनिटांत नातं निघतं. तुम्हीही विचारा: "ताई, तुम्ही कुठल्या? आमच्या भावकीत कोण ओळखीचं आहे का?" ओळख निघाली तर दुसरी कार्यकर्ती मागा, संकोच करू नका. कोर्टाने नेमलेल्या समुपदेशकाबाबत तर घरगुती हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतच लिहिलंय की वादाशी किंवा पक्षकारांशी संबंध असलेली व्यक्ती चालत नाही. नातेवाईक असेल तर दोन्ही बाजूंनी लेखी हरकत सोडावी लागते.

सोबत आलेल्या माणसाचाही विचार करा. नणंद प्रेमाने येते, बाहेर बसून पाणी आणून देते, आणि रात्री भावाला सगळं सांगते. मनात कपट नसतं, पण भाऊ विचारतो आणि तिला खोटं बोलता येत नाही. आई, बहीण, सरपंच वहिनी, कुणीही असो, पहिला अर्धा तास एकटीने बोलायचा आग्रह धरा. चांगली कार्यकर्ती हे स्वतःच सुचवते.

टेबलावरची नोंदवही हा छोटा पण खरा धोका आहे. तारीख, नाव, गाव, मोबाइल असे रकाने आखलेली मोठी वही तुमच्यापुढे सरकवली जाते आणि सही करताना वरच्या पाच बायकांची नावं, गावं, नंबर तुम्हाला दिसतात. म्हणजे तुमच्या मागून येणारीला तुमचं दिसणार. अशा वहीत पूर्ण नाव लिहायला नकार द्या. केस क्रमांक लिहा म्हणावं. काही केंद्रांत वरच्या ओळी झाकायला पुठ्ठा ठेवतात. इतकी साधी सोय आहे, तरी सगळीकडे दिसत नाही.

संमतीचा कागद

एकाच सहीत सगळ्याला होकार द्यायचा नाही. तुमची माहिती लिहून ठेवायला संमती, वकिलाला द्यायला संमती, पोलिसांना द्यायला संमती आणि नवऱ्याला बोलावायला संमती या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कागद मराठीत मागा, वाचून दाखवायला सांगा, मोकळ्या जागेखाली सही करू नका. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते, पण तोपर्यंत जे बाहेर गेलं ते परत येत नाही.

यातली नवऱ्याला बोलावण्याची संमती सगळ्यात विचार करून द्या. केंद्राचं पत्र घरी पोचतं तो दिवस सगळ्यात धोक्याचा. पत्र कधी टाकणार, पोस्टाने की फोनने, त्यात काय लिहिणार हे विचारा, आणि त्या दिवशी आपण आणि मुलं कुठे असू ते आधी ठरवा. भेटीत त्याच्यासमोर कोणते मुद्दे काढायचे आणि कोणते नाहीत, हेही लिहून घ्या. तुम्ही एकांतात सांगितलेली गोष्ट, म्हणजे तो दारू पिऊन मुलीसमोर काय बोलतो, किंवा तुम्ही गुपचूप पैसे साठवताय, ही भेटीच्या टेबलावर यायला नको. साठवलेल्या पैशाचं तर नावही निघता कामा नये.

घटना अहवाल: इथे कागद पुढे जातात

घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात कौटुंबिक घटना अहवाल नावाचा नमुना आहे. सगळे त्याला डीआयआर म्हणतात. त्यात तुमचं नाव, पत्ता, मुलं, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि आर्थिक हिंसा, सगळं तपशिलाने येतं.

फरक असा. नोंदणीकृत सेवादात्या संस्थेत, म्हणजे वर सांगितलेल्या समुपदेशन केंद्रासारख्या संस्थेत, गेलात तर तुमची इच्छा असेल तरच त्यांनी हा अहवाल भरायचा. भरला की प्रत दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाते. संरक्षण अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार दिली तर त्याने अहवाल करून दंडाधिकाऱ्याला पाठवायचा आणि प्रती त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला, तसंच त्या भागातल्या सेवादात्या संस्थांना द्यायच्या, असं कायदाच सांगतो. म्हणजे त्या हद्दीच्या ठाण्यात तुमचा दीर किंवा मामेसासरा नोकरीला असेल तर ही गोष्ट अहवाल भरण्यापूर्वी संरक्षण अधिकाऱ्याच्या कानावर घाला. प्रत थांबवता येणार नाही, पण ती थेट ठाणे प्रभारीच्या हातात बंद पाकिटात देता येते.

आधी सल्ला घ्यायचा आणि मग तक्रार द्यायची असेल तर तसं स्पष्ट बोला: "मी आत्ता तक्रार देत नाही, चौकशी करतेय." बोलणं आणि तक्रार यातली रेघ तुम्ही आखायची. अहवालात सध्याच्या पत्त्याच्या जागी माहेरचा किंवा वकिलांमार्फतचा पत्ता चालेल का, हे वकिलाला विचारा. मोफत वकील कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

गुन्हाच नोंदवायचा असेल, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता), तर आणखी एक विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवली जाते. "माझी चढणार का?" हा प्रश्न सही करण्याआधीचा आहे, नंतर विचारून उपयोग नाही.

गुपित कुठे संपतं

अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं बोलण्यात आलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. समुपदेशक यात सूट देऊ शकत नाही, आणि "मी सांगणार नाही" असं म्हणत असेल तर ती तुमची फसवणूक करतेय. मुलाचं नाव आणि ओळख मात्र बाहेर येऊ देणं त्याच कायद्याने बंद आहे. कुणाचा जीव तातडीने धोक्यात असेल, तुमचा किंवा मुलांचा, तेव्हाही केंद्र पोलिसांना कळवेल; आधी तुम्हाला सांगून कळवावं, ही रीत.

तिसरी जागा न्यायालय. वकिलाशी झालेलं बोलणं साक्षीतून सुरक्षित राहतं, समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला तसं कवच नाही. न्यायालयाने बोलावलं तर फाइल घेऊन हजर व्हावं लागतं. न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या समुपदेशनाचा अहवाल तर तिथे जातोच. म्हणून फाइलमध्ये काय लिहिलं जातं त्याला महत्त्व आहे. "बाई रागीट स्वभावाच्या वाटतात" असलं निरीक्षण उद्या समोरच्या वकिलाच्या हातात जाईल. तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत लिहायला सांगा आणि सही करण्यापूर्वी वाचा.

भावकीच्या बैठकीला आणि तंटामुक्ती समितीला गुपिताचा कुठलाही नियम बांधून ठेवत नाही. तिथे बोललेलं चावडीवर बोललेलं. राजर्षी शाहू महाराजांनी या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९१९ मध्ये कायदा केला होता, तरी "घरातलं घरात मिटवू" म्हणत दहा पुरुषांसमोर बाईला उभी करणं अजून चालतं. जायची वेळ आलीच तर पत्ता, पैसे आणि पुढचा बेत यातलं काहीही तिथे बोलू नका.

सीपीआरला (सरकारी रुग्णालयात) गेल्यावर

मार लागलेला असेल तर डीआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तुम्हाला मोफत मिळायची आहे. डॉक्टर केस वैद्यकीय-कायदेशीर म्हणून नोंदवतील तेव्हा पोलीस चौकीला कळतं. तुम्हाला आत्ता पोलिसांत जबाब द्यायचा नसेल तर तसं लिहून घ्यायला सांगा. नवरा शेजारी उभा असताना "कसं लागलं?" या प्रश्नाचं उत्तर "पडले" असंच येतं, आणि तेच कायमचं कागदावर राहतं. "मला एकटीला तपासा" एवढं परिचारिकेला म्हणा. केसपेपर घरी नेऊ नका, केंद्रातल्या फाइलला लावा.

निवारागृह, मुलांची शाळा, आधार

निवारागृहात राहणारीने मागणी केली तर तिथे ती आहे हे कुणालाही सांगायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच, असं २००६ च्या नियमांत आहे. ही मागणी लेखी करा. मग गेटवर कुणी भाऊ म्हणून आलं तरी उत्तर एकच मिळालं पाहिजे: "अशी कुणी इथे आहे की नाही, आम्ही सांगत नाही." "ती इथे नाही" असं म्हणणं धोक्याचं, कारण पुढच्या वेळी वेगळं उत्तर मिळालं की कळतं.

पत्ता जास्त वेळा शाळेतून फुटतो. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. पण नव्या शाळेने ऑनलाइन बदलीची विनंती टाकली की मूल कुठे गेलं ते जुन्या शाळेला कळतं, आणि जुन्या शाळेत वडील रोज गेटवर उभे असू शकतात. नव्या मुख्याध्यापकांना आधी भेटा आणि ही विनंती कधी टाकायची ते त्यांच्याशी बोलून ठरवा. वडील हे पालक असल्याने शाळा त्यांना सरसकट नाही म्हणू शकत नाही. ताब्याबद्दल न्यायालयाचा अंतरिम आदेश मिळाला की त्याची प्रत शाळेत द्या.

आधारच्या बाबतीत क्रम चुकवू नका: आधी मोबाइल नंबर स्वतःचा करायचा, मग बाकी काही. जुना नंबर जोडलेला असेल तर ओटीपी आणि मेसेज त्याच्या हातात पडतात. बँकेचंही तसंच. पत्ता बदलायची घाई मात्र नको.

न्यायालयात

अर्ज तुम्ही तात्पुरत्या राहत असलेल्या ठिकाणीही करता येतो, पण त्यावरूनच तुमचा तालुका समोरच्याला कळतो. हे गणित वकिलाबरोबर मांडा. सुनावणी बंद दाराआड हवी असेल तर घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १६ खाली मागता येते. पोटगी मागताना दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने ते सक्तीचं झालं. त्यात तुमची खाती, पगार, नोकरीचं ठिकाण येतं आणि त्याची प्रत त्याला मिळते. खरं तेच लिहायचं, पण कामाची जागा त्याला नुसती कळणंही धोक्याचं असेल तर ती झाकण्याची परवानगी आधी मागा, प्रत गेल्यावर नाही.

फाइल, आणि तक्रार करायची वेळ आली तर

केंद्रातली तुमची फाइल बघायला मागा. कपाटाला कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, किती वर्षं ठेवतात, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. संगणकावर नोंद होत असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती दुरुस्त करून घेणं, पुसून घेणं हे हक्क त्यात आहेत. नुसत्या कागदी वहीला तो कायदा लागत नाही, तिथे केंद्राची शिस्त आणि तुमचा आग्रह एवढंच.

सरकारी कार्यालयातल्या फाइलसाठी नवऱ्याने माहिती अधिकारात अर्ज टाकला, असंही होतं. वैयक्तिक माहिती आणि कुणाच्या जिवाला धोका होईल अशी माहिती नाकारायची तरतूद त्या कायद्यात आहे. असा अर्ज आला तर कार्यालयाने तुम्हाला पत्र कुठे पाठवायचं, तो सुरक्षित पत्ता आधीच देऊन ठेवा.

ही ओळ वाचणाऱ्यांत केंद्रात काम करणाऱ्या कुणी असतील तर: व्हॉट्सअ‍ॅपच्या कार्यकर्ती गटावर केसचा फोटो टाकू नका, आठ मार्चच्या कार्यक्रमात बाईला व्यासपीठावर बोलावू नका, आणि "नाव बदललंय" म्हणून गोष्ट छापताना गाव, नवऱ्याचा धंदा आणि मुलांची संख्या तशीच ठेवू नका. आजरा तालुक्यात ट्रॅक्टर असलेला, दोन मुली असलेला माणूस म्हटलं की नाव सांगायची गरज राहत नाही.

माहिती फुटलीच तर आधी सुरक्षिततेचा बेत बदला: फोन, मुक्काम, मुलांना आणायची वेळ. मग केंद्रप्रमुखाला लेखी तक्रार द्या, तारीख टाकून, आणि पोच घ्या. संस्थेने ऐकलं नाही तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जा. संरक्षण अधिकारी आणि नोंदणीकृत संस्थांचे सदस्य हे काम करताना लोकसेवक मानले जातात. तक्रारीत हा मुद्दा लिहा. खटला चालू असेल तर तीच गोष्ट दंडाधिकाऱ्यांसमोर वकिलामार्फत मांडा आणि संरक्षण आदेशात तुमच्या नव्या ठिकाणी, कामावर आणि मुलांच्या शाळेत यायला त्याला मनाई मागा. आदेशाची प्रत तुम्हाला मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. तुमची प्रत दोन ठिकाणी ठेवा, एक पिशवीत आणि एक केंद्रात.